मैदानाच्या नकाशात आपली जागा कुठे?

मैत्रिणींनो, घर बांधायला काढलं की ओटा किती उंच हवा, हे तुम्ही गवंड्याजवळ उभं राहून सांगता ना? सांगायलाच हवं. नाहीतर दोन-तीन इंचांच्या चुकीपायी जन्मभर पाठ धरते. मग गावात खेळाचं मैदान होणार, बाग होणार म्हटल्यावर आपण गप्प का बसतो? "ते पुरुषमंडळी बघतील," म्हणून सोडून देतो. आणि पुढे ते मैदान खरोखरच पुरुषमंडळींचं होतं!

पालघर तालुक्यातलं घिवलीच घ्या. समुद्रकाठचं गाव. जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र, १९६९ साली सुरू झालेलं. आणि बोईसरच्या बाजूला कारखान्यांची मोठी वसाहत. जिथे कारखाने येतात तिथे बिऱ्हाडं वाढतात, चाळींच्या जागी इमारती उठतात आणि मोकळी जागा बघता बघता नाहीशी होते. अशा गावात खेळाचं मैदान आणि विरंगुळ्याची बाग आखायची, तर जागा शिल्लक आहे तोवरच आखायला हवी. प्रश्न एवढाच, की आखायची कोणासाठी?

तुमच्या घराजवळचं मैदान एकदा संध्याकाळी डोळसपणे बघा. सात-आठ वर्षांच्या मुली भावांबरोबर हुंदडताना दिसतील. अकरा-बारा वर्षांच्या किती दिसतात? आपण म्हणतो, "मोठी झाली, आता तिला खेळायला नको वाटतं." खरंच का तसं असतं? ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात १९९० नंतरच्या दशकात याचा अभ्यास झाला. नऊ वर्षांनंतर बागेत येणाऱ्या मुलींची संख्या एकदम घटते, मुलांची घटत नाही, असं दिसून आलं. मोठ्या मोकळ्या जागेवर मुलं हक्क सांगत आणि मुली भांडण्यापेक्षा घरी जाणं पसंत करत. मग १९९९ साली तिथल्या दोन बागा नव्याने आखल्या. एका मोठ्या पटांगणाचे लहान लहान भाग केले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. आणि मुली परत येऊ लागल्या! मुलींची आवड बदलली नव्हती, बदलली होती ती आखणी.

आपल्याकडचं उदाहरण हवंय? दादरचं शिवाजी पार्क बघा. मुंबई महापालिकेने ते १९२५ साली लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. १९२७ साली शिवाजी महाराजांचं नाव देण्याचा आग्रह धरला तो नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी. बघा, शंभर वर्षांपूर्वी एक बाई मैदानाविषयी सभेत बोलत होती! क्रिकेटसाठी ते मैदान नावाजलं हे खरं. पण त्याला माणसांचं केलं ते भोवतीच्या कट्ट्याने. खेळणारा आत खेळतो, चालणारा कडेने चालतो, आजी कट्ट्यावर टेकतात. सभोवती सतत माणसं असली की एकट्या बाईलाही तिथे संकोच वाटत नाही.

आता आपण आपला नकाशा काढू या. हाताशी कागद-पेन्सिल घ्या.

आधी खेळ. क्रिकेटला मधोमध खेळपट्टी आणि चहूकडे साठ मीटर धरले, तरी सुमारे पावणेतीन एकर जातात. उलट मुलींच्या कबड्डीचं अंगण १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे जेमतेम एक गुंठा. खो-खोला २७ बाय १६ मीटर, सव्वाचार गुंठे. व्हॉलीबॉलला १८ बाय ९. भोवती थोडी मोकळी जागा सोडली तरी हे तिन्ही खेळ अर्ध्या एकरात आरामात बसतात. मुलांचं क्रिकेट बंद करा असं कोण म्हणतंय? पण मुलींचं अंगण वेगळं, कायमचं आखून हवं. "मुलांचं झालं की तुम्ही खेळा" म्हटलं, की अंधारच पडतो!

मग आपली सोय. फिरायची वाट एवढी रुंद हवी, की दोघी गप्पा मारत चालल्या तरी समोरून बाबागाडी सहज जावी. कडेची झुडपं कमरेच्या वर नकोत, म्हणजे पलीकडचं दिसतं. दिवे मधल्या पटांगणाइतकेच वाटेवरही हवेत. फाटकं दोन हवीत. एकच असलं आणि तिथे टोळकं उभं राहिलं, तर बायका आत जायच्याच थांबतात. बाकांना पाठ आणि हात हवेत, नाहीतर गुडघे दुखणाऱ्या सासूबाई उठणार कशा? छोट्यांचे झोपाळे बाकांवरून नजरेत राहतील असे असावेत.

आणि स्वच्छतागृह! कडी लागणारं, पाणी असलेलं, रोज धुतलं जाणारं. तेच नसलं, तर बाकी सगळं असूनही आपण अर्ध्या तासात घरी परततो. बांधायला पैसे मिळतात. धुणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

किनाऱ्यावरच्या गावाला आणखी दोन गोष्टी सांभाळायला लागतात. खाऱ्या वाऱ्याने साधं लोखंड लवकर गंजतं. झोपाळे-घसरगुंड्या जस्ताचा मुलामा दिलेल्या असाव्यात आणि साखळ्या दरवर्षी पावसाळा संपला की तपासाव्यात. सावलीला उंडी, करंज, भेंडी अशी खारं वारं सोसणारी झाडं लावा. नारळ मात्र बाकांवर आणि झोपाळ्यांवर नको, डोक्यात पडायचा! आणि कोकणातले पावसाळ्याचे चार महिने विसरू नका. एक ऐसपैस छप्पर असलं, की सकाळी योगासनं, दुपारी भजनी मंडळ, श्रावणात मंगळागौरीचे खेळ. फुगडी-झिम्म्यासारखा व्यायाम दुसरा कुठला?

"हे सगळं ऐकणार कोण?" असं मनात आलं ना? कायद्याने आपल्याला बोलायची जागा दिलेली आहे. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. तिथे मैदानाचा विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. नगरपरिषद असेल, तर विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाल्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवतात. तेव्हा साध्या मराठीत लेखी अर्ज द्या. दहा जणींनी वेगवेगळे दिले तर फारच छान. २०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ऐकणारीही बहुधा आपल्यासारखीच एखादी घर सांभाळणारी असेल.

आणखी एक लक्षात ठेवा. आराखड्यात "खेळाचे मैदान" असं आरक्षण पडलं, म्हणजे मैदान झालं असं नव्हे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत, म्हणजे २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे चोवीस महिन्यांत, संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. तुमच्या गावात अशी जागा कुठे आहे आणि तिला किती वर्षं झाली, हे कार्यालयात जाऊन जरूर विचारा.

या रविवारी एवढं करा. शेजारच्या दोघी-तिघींना चहाला बोलवा, घरातल्या लेकींनाही बसवा, आणि मघाचा कागद पुढे ठेवा. लेकींना विचारा, "तुला इथे काय हवं?" त्या काय सांगतील ते तस्सं लिहून काढा. पुढच्या सभेला तोच कागद घेऊन जायचं. जाल ना?