लाल झेंड्या आणि शिकाऱ्यांचे बोलणे

शिकारी म्हटला की थापा आल्याच, असे आपण गृहीत धरतो. सांगणाऱ्याच्या हातांतले अंतर वाढत जाते आणि त्याबरोबर जनावरही वाढते. रशियन शिकारसाहित्य मी बरीच वर्षे वाचतो आहे आणि या समजाविषयी माझे मत हळूहळू बदलत गेले. थापा हा शिकाऱ्यांच्या बोलण्याचा शेवटचा अंक असतो. त्याआधी आणखी एक बोलणे होते आणि त्यात एक शब्दही खोटा चालत नाही. लांडग्याच्या शिकारीत हे फार स्पष्ट दिसते. वाट पाहणारा एकटा माणूस रानडुक्कर मारू शकेल, पण रात्रीत कित्येक मैल तुडवणारा लांडगा गाठायचा तर दहा-पंधरा माणसे लागतात आणि त्या सगळ्यांचे एकमेकांच्या शब्दावर चालते.

लांडग्याला रशियनमध्ये ‘वोल्क’ म्हणतात. आपल्या ‘वृक’चा हा सख्खा भाऊ. वृकोदर भीमामुळे तो शब्द आपल्याकडे जगला आहे, एरवी मराठीने लांडगाच जवळ केला. रशियात मात्र वोल्क हा रोजच्या हिशेबातला प्राणी होता. लाझारेव्स्की नावाच्या अधिकाऱ्याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात युरोपीय रशियातल्या ४५ प्रांतांचा हिशेब दिला आहे. लांडग्यांनी एका वर्षात सुमारे १ लाख ८० हजार मोठी जनावरे आणि साडेपाच लाखांहून अधिक लहान जनावरे मारली, असे तो सांगतो. शेतकऱ्याचा एकुलता घोडा गेला की त्याचे पुढचे वर्ष गेले. जमीनदारासाठी जो खेळ होता, तो गावासाठी हिशेब होता, हे पुढचे सगळे वाचताना ध्यानात ठेवायला हवे.

आता पहिले बोलणे. हिवाळ्यात मेलेले घोडे किंवा गुरू रानाच्या कडेला टाकतात. लांडगे रात्री येऊन खातात आणि पोट जड झाले की जवळच्याच झाडीत दिवसभर पडून राहतात. पहाटे एक माणूस लाकडी स्की पायांना बांधून त्या झाडीला लांबून फेरी घालतो. त्याला ‘अक्लादचिक’ म्हणतात, म्हणजे घेर धरणारा. पस्कोव्ह प्रांतातले अक्लादचिक या कामात नावाजलेले होते. आत गेलेले ठसे किती आणि बाहेर आलेले किती, एवढेच त्याने पाहायचे. पण लांडगे एकामागोमाग एक चालतात आणि मागचा पुढच्याच्या पावलात पाऊल टाकतो. पाच लांडगे गेले तरी बर्फावर एकाचीच माळ उमटते. मग वळणावर, आडव्या पडलेल्या झाडापाशी, जिथे ओळ फुटते तिथे वाकून मोजायचे. परत येऊन तो सांगतो, ‘चार आहेत, आत आहेत.’ त्या दोन वाक्यांवर दहा-बारा बंदुका, घोडागाड्या आणि कडाक्याच्या थंडीतला आख्खा दिवस पणाला लागतो. तो चुकला तर सगळे मिळून रिकाम्या रानाला वेढा घालून बसतात.

उन्हाळा सरताना याच कामाची दुसरी रीत असते. जाणता माणूस संध्याकाळी तोंडापुढे हाताचे पंजे धरून लांडग्यासारखा हेल काढतो. आतून पिल्ले उत्तर देतात, मग थोरले. कोणत्या झाडीत किती आवाज, हे तो कानाने मोजतो. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’त रोस्तोव्ह घराण्याच्या शिकारीची सुरुवात अशाच एका बातमीने होते. शिकारप्रमुख दानिलोने उवार्का नावाच्या माणसाला पहाटे कानोसा घ्यायला धाडलेले असते. मादीने पिल्ले अत्राद्नोयेच्या राखीव रानात हलवली आहेत, ती तिथे ओरडत होती, एवढाच त्याचा निरोप. त्यात विशेषण नाही, फुशारकी नाही. उवार्का वेठीचा कुळ आहे, पण त्या सकाळी मालकाचा सगळा बेत त्याच्या कानावर उभा आहे.

घेर ठरला की झेंड्या लागतात. चाकावर गुंडाळलेली लांबच लांब दोरी आणि तिला हात-दीड हाताच्या अंतराने शिवलेले लाल कापडाचे तुकडे. दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरचा घेर अशा दोरीने बंद होतो. लांडगा ती सहज उडी मारून ओलांडू शकेल किंवा खालून सरपटत जाऊ शकेल, पण जात नाही. कापड लाल असण्याचे कारण माणसाच्या डोळ्यांसाठी आहे, कारण कुत्र्याप्रमाणे लांडग्यालाही तांबडा रंग नीट ओळखू येत नाही. त्याला अडवते ती वाऱ्यावर हलणारी, माणसाचा वास असलेली अनोळखी वस्तूंची सलग रांग. एक बाजू मोकळी ठेवून तिथे बंदूकवाले उभे करतात. प्रत्येकाला चिठ्ठी टाकून जागा मिळते. त्या जागेला ‘नंबर’ म्हणतात आणि तिथे उभ्या राहिलेल्या माणसालाही नंबरच.

नंबरावर बोलायचे नाही. विडी ओढायची नाही, पाय आपटायचे नाहीत, शिकार संपल्याचा इशारा होईपर्यंत जागा सोडायची नाही. टॉलस्टॉयने हा नियम मोडणारा माणूस मोठ्या मौजेने रंगवला आहे. म्हातारा काउंट रोस्तोव्ह आपल्या ठिकाणी उभा राहून नोकराशी मुलांच्या कौतुकाच्या गप्पा मारतो, तपकिरीची डबी काढतो, आणि तेवढ्यात लांडगा त्याच्या बाजूने निसटतो. मागून दानिलो घोडा फेकत येतो, मालकावर चाबूक उगारतो आणि मराठीत छापता येणार नाही अशी शिवी हासडतो. काउंट शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा राहतो. १८६१ पूर्वीच्या रशियात कुळाने मालकाशी असे बोलणे एरवी कल्पनेतही बसत नाही. मला हा प्रसंग त्या कादंबरीतल्या कित्येक लढायांपेक्षा मोलाचा वाटतो. पुढे दानिलो स्वतः लांडग्यावर झेप घेऊन त्याला जिवंत बांधतो आणि मग सगळे जमून बांधलेल्या जनावराला पाहत उभे राहतात.

आणि मग सुरू होते तिसरे बोलणे. त्याच दिवशी पुढे ससा मारला जातो तेव्हा सगळे शिकारी एकाच वेळी बोलू लागतात, कोणी कोणाचे ऐकत नाही, आणि नताशा आनंदाने किंचाळते. टॉलस्टॉयचे निरीक्षण असे की इतरांच्या बोलण्यात जे होते तेच तिच्या किंचाळण्यात होते. म्हणजे त्या बोलण्याला माहितीचे काम उरलेले नसते. तासन्‌तास दाबून धरलेला श्वास तिथे बाहेर पडतो.

वसिली पेरोव्हचे १८७१ चे चित्र, ‘विसाव्याला बसलेले शिकारी’, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. डावीकडचा वयस्क शिकारी दोन्ही हातांची बोटे फाकून काहीतरी भयंकर सांगतो आहे, उजवीकडचा तरुण डोळे विस्फारून ऐकतो आहे आणि मधला डोके खाजवत हसतो आहे. साल्तिकोव्ह-श्चेद्रिनला हे आवडले नाही. कोण थापाड्या आणि कोण भोळा हे चित्रकार बोट दाखवून सांगतो, अशी त्याची तक्रार होती. दस्तयेव्स्कीने मात्र १८७३ मध्ये त्याचे कौतुक केले. मी दस्तयेव्स्कीच्या बाजूचा, पण कारण माझे निराळे आहे. माझी नजर त्या मधल्यावर जाते. पहाटे ठसे मोजायला जो गेला असेल तो हाच, असे मला उगाच वाटते. चित्रात तसा काही पुरावा नाही.

या सगळ्या बोलण्यात एक आवाज नव्हता, तो १९६८ मध्ये आला. व्लादिमीर विसोत्स्कीने ‘लांडग्यांची शिकार’ हे गाणे लिहिले, त्या काळात वर्तमानपत्रांतून त्याच्यावर झोड उठली होती. गाणे सांगतो तो घेरातला लांडगा. झेंडी ओलांडायची नाही हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेलेला, आणि शेवटी ती ओलांडणारा. ‘झेंड्यांपलीकडे’ हे शब्द तेव्हापासून रशियन बोलीत वाकप्रचारासारखे रुळले. शिकाऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर त्यात खोटे काही नाही, कारण एखादा लांडगा कधीतरी दोरी ओलांडून जातोच, हे जुने अक्लादचिकही जाणून होते.

ही दोरी आता उलट्या कामाला लागली आहे. पोलंडच्या बियालोविएझा रानात संशोधकांनी झेंड्या लावून लांडगे जाळ्याकडे वळवले, ते गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून सोडून देण्यासाठी. कॅनडा आणि अमेरिकेत कुरणांभोवती तशीच दोरी बांधली गेली, आत गुरे आणि बाहेर लांडगे. चाचण्यांमध्ये ती सुमारे दोन महिने टिकली, मग लांडगे सरावले. पुढे कोणीतरी दोरीच्या जागी विजेची तार घातली. झेंड्या वाऱ्याने तारेला गुंडाळल्या जातात, त्या पुन्हा सोडवायला माणसाला सगळा घेर पायी फिरावा लागतो. फिरताना तो ठसे पाहतो आणि संध्याकाळी येऊन सांगतो, किती आले, कुठवर आले.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने लांडग्याची शिकार बंद आहे, पण माळावर मेंढरे बसवताना धनगर भोवती जाळीची वाघर लावतो. हा शब्द संस्कृत ‘वागुरा’पासून आलेला, आणि वागुरा म्हणजे शिकाऱ्याने जनावर धरायला पसरलेले जाळे.