पारदर्शकतेचा हरताळ

मुक्ताईनगरातल्या एका घरातली हस्तलिखित पोथी मध्यंतरी माझ्याकडे आली. पानांची छायाचित्रे घेऊन ती संकेतस्थळावर ठेवायची होती. कागद डागाळलेला, कडा झिजलेल्या. मी कागदाचा रंग काढून टाकला, फक्त अक्षरे ठेवली आणि मागची जागा पारदर्शक केली. माझ्या पांढऱ्या पडद्यावर पान छापल्यासारखे स्वच्छ दिसले. पोथीच्या मालकांनी ते रात्री मोबाइलवर उघडले आणि लगेच फोन केला, "भाऊ, पानं तर सगळी कोरी दिसताय!"

त्यांच्या मोबाइलवर काळी पार्श्वभूमी होती. काळ्यावर काळी अक्षरे कशी दिसणार? कागद काढला की अक्षरे कशावर उभी राहतील, हे आपल्या हातात उरत नाही. ते पाहणाऱ्याच्या पडद्यावर ठरते.

पडद्यावरचे चित्र बारीक बिंदूंचे असते. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा अशा तीन रंगांच्या संख्या साठवतात. पारदर्शकतेसाठी चौथी संख्या लागते. तिला 'अल्फा' म्हणतात. 0 म्हणजे पूर्ण पारदर्शक, 255 म्हणजे पूर्ण अपारदर्शक. काळ्या बिंदूचा अल्फा 128 असेल, तर पांढऱ्या पानावर तो मध्यम करडा दिसतो. ही कल्पना अॅल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मांडली. असे थर एकमेकांवर मिसळण्याचे गणित पोर्टर आणि डफ यांनी 1984मध्ये व्यवस्थित लिहून काढले.

फाइलचा प्रकार इथे महत्त्वाचा ठरतो. जेपेगमध्ये पारदर्शकता नाहीच. 1989च्या जिफमध्ये बिंदू एक तर दिसतो किंवा दिसत नाही, मधली पायरी नाही. 1996मध्ये मान्यता मिळालेल्या पीएनजीत मात्र अल्फाच्या 256 पायऱ्या ठेवता येतात.

मधल्या पायऱ्या हव्यात त्या अक्षरांच्या कडांसाठी. बोरूच्या फटकाऱ्याच्या कडेला प्रत्येक बिंदूत थोडी शाई आणि थोडा कागद मिसळलेला असतो. तो बिंदू तसाच ठेवून फक्त मागचा कागद कापला, तर गडद पानावर प्रत्येक अक्षराभोवती फिकट कड दिसते. कडेच्या बिंदूला शाईचाच रंग द्यावा आणि फिकेपणा अल्फात ठेवावा, म्हणजे ही कड जाते.

हे सगळे मी दुरुस्त केले. अक्षरांना गडद तपकिरी रंग दिला आणि मागे फिकट पान ठरवून ठेवले. मग मूळ पोथीशी ताडून पाहताना खरी चूक कळली. जुने लेखनिक चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि वाळल्यावर त्यावर नवे अक्षर लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. माझ्या संगणकाला तो फिकट पिवळा लेप कागदासारखाच वाटला आणि त्याने तो पुसला. लेखनिक कुठे अडखळला, त्याने काय बदलले, ही पाठाच्या अभ्यासाची मोलाची खूण माझ्या स्वच्छ पानावर उरलीच नव्हती. त्याच्या हरताळावर मी पारदर्शकतेचा हरताळ फासला होता!

पारदर्शक बिंदूचा मूळ रंग पीएनजी फाइलमध्ये शिल्लक राहू शकतो. पण अनेक साधने साठवतानाच तो टाकून देतात. त्यावर विसंबू नये.

आता माझा नियम साधा आहे. पोथीचे पान जसे आहे तसे, डागांसकट, अपारदर्शक ठेवायचे. एखादा शिक्का किंवा वेलबुट्टी वेगळी दाखवायची असेल तरच पारदर्शक प्रत करायची, ती फिकट आणि गडद अशा दोन्ही पार्श्वभूमींवर तपासायची आणि शेजारी मूळ पानही द्यायचे. कागद कुठे संपतो आणि लेखन कुठे सुरू होते, हे संगणक केवळ रंगावरून ठरवतो. जुन्या पोथीत ते ठरवण्यासाठी वाचणारा माणूसच लागतो.