फोटो काढणे आणि फोटो तपासणे

निबंध तपासताना आपण विद्यार्थ्याला बरेच काही सांगतो. मुद्दा कोठे आहे, उदाहरण पटते का, शेवट घाईत झाला का, हे सारे आपण वहीच्या समासात लिहितो. तोच विद्यार्थी एखादा फोटो दाखवतो तेव्हा मात्र ‘छान आलाय’ किंवा ‘जरा हलला’ यापलीकडे आपण जात नाही. वास्तविक आज निबंधापेक्षा फोटो अधिक बोलतो. वर्तमानपत्रात, जाहिरातीत, घरोघरीच्या फोनवर तो पुरावा म्हणून समोर येतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. हा पुरावा कसा तयार होतो हे ठाऊक नसेल तर तो तपासणार कसा? फोटो काढायला शिकणे आणि फोटोवर बोलायला शिकणे या दोन गोष्टी म्हणूनच बरोबरीने व्हायला हव्यात.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत १८३९ साली जगापुढे आली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. सभासद आपली छायाचित्रे एकमेकांपुढे ठेवत आणि त्यांवर चर्चा करत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. पुढे व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळवलेले हरिश्चंद्र चिंतामण याच वर्गाचे विद्यार्थी. त्या काळी ओली काच रसायनांनी माखून, ती वाळण्याआधी फोटो काढून धुवावा लागे. आज फोन खिशातून काढला की काम होते. साधन सोपे झाले, पण त्यामागचे भौतिकशास्त्र तेच राहिले आहे.

प्रकाशाचा हिशेब

शाळेत आपण सूचीछिद्र प्रतिमाग्राहक करतो. खोक्याला टाचणीने भोक पाडायचे आणि समोरच्या तेलकट कागदावर मेणबत्तीची उलटी प्रतिमा पाहायची. कॅमेरा म्हणजे हेच खोके. भोकाच्या जागी भिंग आले आणि कागदाच्या जागी पूर्वी फिल्म, आता प्रकाशसंवेदी चकती आली. त्या चकतीवर किती प्रकाश पडतो आणि त्याची नोंद कशी होते, हे तीन गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट छिद्राचा आकार. कॅमेऱ्यावर ‘एफ ४’, ‘एफ ८’ असे आकडे असतात. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा येतो. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाला एफ ८ म्हणजे ६.२५ मिलिमीटरचे छिद्र आणि एफ ४ म्हणजे १२.५ मिलिमीटरचे. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून एफ ४ ला एफ ८ च्या चौपट प्रकाश आत येतो. आकडा लहान तर छिद्र मोठे, ही गोष्ट मुलांना उलटी वाटते. भागाकार करून दाखवला की शंका राहत नाही.

दुसरी गोष्ट वेळ. शटर किती काळ उघडे राहते? समजा, रस्त्यावरून ताशी ३६ किलोमीटर वेगाने दुचाकी जात आहे. हा वेग सेकंदाला १० मीटर होतो. शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडे राहिले तर तेवढ्यात दुचाकी १० सेंटिमीटर पुढे जाते आणि फोटोत ती पुसट दिसते. हजारावा भाग उघडे राहिले तर ती १ सेंटिमीटरच सरकते आणि चाकाचे आरेही बऱ्यापैकी स्पष्ट येतात.

तिसरी गोष्ट संवेदनशीलता, म्हणजे आयएसओचा आकडा. तो वाढवला तर कमी प्रकाशातही फोटो उजळ येतो, पण त्यात रवाळ दाणे दिसू लागतात.

या तिन्ही गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. कडक उन्हात आयएसओ १०० आणि छिद्र एफ १६ असेल तर सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग पुरतो, हा जुन्या छायाचित्रकारांचा अंदाज. छिद्र एफ ८ केले तर प्रकाश चौपट येईल, म्हणून वेळ चौथा हिस्सा, म्हणजे एक चारशेवा भाग घ्यायचा. बहुतेक फोनमध्ये छिद्र ठरलेलेच असते. संध्याकाळी फोन वेळ वाढवतो आणि संवेदनशीलताही वाढवतो. तेव्हा काढलेला फोटो हललेला आणि दाणेदार का येतो, हे आता मुले स्वतः सांगू शकतील.

काळी म्हैस, पांढरी भिंत

कॅमेऱ्याला समोर म्हैस आहे की चुन्याची भिंत, हे मुळात कळत नाही. त्याचा प्रकाशमापक असे धरून चालतो की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारे. म्हैस चौकटभर घेतली तर ‘फार अंधार आहे’ असे समजून तो प्रकाश वाढवतो, आणि म्हैस राखाडी होते. भिंत चौकटभर घेतली तर तो प्रकाश कमी करतो, आणि भिंत मळकट होते. नवे फोन ही चूक काही अंशी सुधारतात, पण पूर्णपणे नाही. एखाद्या वस्तूचा खरा उजळपणा फोटोवरून ठरवण्याआधी हे ध्यानात ठेवावे लागते.

इमारत किती मोठी?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. त्यासाठी आपण पिंपरी-चिंचवडमधील ताथवड्याचे उदाहरण घेऊ. मुंबई-बंगळूर महामार्गालगतचे हे गाव या शतकाच्या पहिल्या दशकात महापालिकेत आले. एका बाजूला वाकड, दुसऱ्या बाजूला पुनावळे आणि जवळच हिंजवडी. शेताच्या बांधापलीकडे उंच इमारत, हे दृश्य या भागातल्या मुलांच्या परिचयाचे आहे.

समजा, एक मुलगी शेतात उभी आहे. तिची उंची १.५ मीटर. तिच्यामागे ६० मीटर उंचीची, साधारण वीस मजली इमारत आहे. पहिला फोटो काढताना कॅमेरा मुलीपासून २ मीटरवर आणि इमारतीपासून २०० मीटरवर आहे. फोटोतली उंची ही खऱ्या उंचीला अंतराने भागून मिळणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात असते. मुलीसाठी १.५ भागिले २ म्हणजे ०.७५. इमारतीसाठी ६० भागिले २०० म्हणजे ०.३. फोटोत मुलगी इमारतीच्या अडीच पट उंच दिसेल.

आता आपण १८ मीटर मागे सरकू. मुलगी २० मीटरवर आणि इमारत २१८ मीटरवर आली. मुलीचा आकडा ०.०७५ झाला आणि इमारतीचा सुमारे ०.२७५. आता इमारत मुलीच्या साडेतीन पटींहून अधिक उंच आहे. झूम करून मुलगी मोठी घेतली तर इमारतही त्याच प्रमाणात मोठी होऊन तिच्या डोक्यावर चाल करून आल्यासारखी दिसेल.

शेत तेच, मुलगी तीच, इमारतही तीच. पहिल्या फोटोखाली ‘विस्तीर्ण रानात मोकळे बालपण’ असे लिहिता येईल आणि दुसऱ्याखाली ‘काँक्रीटने गिळलेले गाव’ असे. फोटोत खोटे काही नाही. बदलली ती उभे राहण्याची जागा. हे प्रमाण भिंगामुळे बदलत नाही, अंतरामुळे बदलते. एकाच जागी उभे राहून झूम कमी-जास्त करावे आणि दोन्ही फोटोंत मुलीची व इमारतीची उंची पट्टीने मोजावी. गुणोत्तर तेच येईल.

ताथवड्यासारख्या गावात याला विशेष अर्थ आहे. तेथील आजचे फोटो उद्या गावाच्या इतिहासाचे कागद होणार आहेत. ते काढणाऱ्याने आपण कोठे उभे होतो हे नोंदवले नाही, तर उद्याच्या वाचकाला त्यांतून गावाऐवजी केवळ काढणाऱ्याचे मत कळेल.

फोटोवर बोलायचे कसे?

वर्गात फोटो भिंतीवर लावावा. काढणाऱ्याने सुरुवातीला गप्प बसावे. बाकीच्यांनी चार पायऱ्यांनी जावे.

१. फक्त जे दिसते ते सांगावे. ‘उदास बाई’ असे म्हणू नये. ‘मान खाली, हातात विळा, सावली लांब’ असे म्हणावे.

२. फोटो कसा काढला ते ओळखावे. प्रकाश कोणत्या बाजूने? कॅमेरा किती अंतरावर, किती उंचीवर? काय हलले आणि काय स्थिर आहे?

३. फोटो काय सांगू पाहतो आणि त्यासाठी चौकटीबाहेर काय ठेवले असेल, ते विचारावे.

४. एक सूचना द्यावी, आणि ती करून पाहता येण्याजोगी असावी. ‘मजा नाही’ ही सूचना नव्हे. ‘दोन पावले डावीकडे गेलास तर विजेचा खांब डोक्यातून उगवल्यासारखा दिसणार नाही’ ही सूचना झाली.

यानंतर काढणाऱ्याने बोलावे आणि शक्य तर तोच फोटो पुन्हा काढून आणावा. टीका फोटोवर करायची, मुलावर नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करावे. माणसांचा फोटो त्यांना विचारूनच काढायचा, हा नियमही तेव्हाच सांगावा.

करून पाहा

• पूर्वीच्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत. फोनवरही आठवड्याला बाराच फोटो काढण्याची अट घाला. प्रत्येकाबरोबर तारीख, वेळ, दिशा आणि अंदाजे अंतर वहीत लिहायला लावा.

• गावातली एक जागा ठरवा, तेथे जमिनीवर खूण करा आणि दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच वेळी, एकाच दिशेने फोटो काढा. जागा व दिशा न बदलल्यामुळे फोटोंत दिसणारा बदल हा गावातलाच बदल असेल.

• दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन पडद्यावर दाखवली होती. फोन पक्का बांधून मटकीच्या मोडाचा तासाला एक फोटो घ्या. दिवसाचे २४, दहा दिवसांचे २४०. सेकंदाला १६ या गतीने दाखवले तर दहा दिवसांची वाढ १५ सेकंदांत दिसेल. दिव्याचा उजेड मात्र सर्व वेळ सारखा ठेवा, नाहीतर मोडाऐवजी उजेडाचेच चढउतार दिसतील.

• वर्तमानपत्रातला एक फोटो त्याखालची ओळ कापून वर्गात द्या. मुलांना स्वतःची ओळ लिहायला सांगा. मग सर्व ओळी छापील ओळीशेजारी ठेवा आणि यांपैकी कोणती ओळ फोटोतून खरोखर सिद्ध होते, ते विचारा.