पेट्रोल गळतंय, पण कधी?

कुर्ल्यात लाल बहादूर शास्त्री मार्गालगत आज जिथे कोहिनूर सिटी आहे, तिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या या कंपनीची ‘पद्मिनी’ गाडी तिथली. वयोमर्यादेची वीस वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. खासगी पद्मिन्या मात्र हौशी मालकांनी अजून जपल्या आहेत, आणि त्यांची एक तक्रार ठरलेली असते: बॉनेट उघडण्याआधीच पेट्रोलचा वास येतो.

मालक विचारतो, ‘गळतंय कुठून?’ मुरलेला मेकॅनिक विचारतो, ‘कधी?’ यात त्याचा निव्वळ अनुभव नाही, भौतिकशास्त्रही आहे. पेट्रोलचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे त्याचा थेंब गळतीच्या जागी टपकत नाही. धातूवर पसरत, सांध्यांतून सरकत भलत्याच ठिकाणी खाली येतो किंवा वाटेतच उडून जातो. मागे उरतो तो पिवळट तपकिरी डाग. तो डाग सगळ्यात वर कुठे सुरू होतो ते पाहावं, टोकाशी पाहून उपयोग नाही.

कार्ब्युरेटरच्या वाटीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखीच व्यवस्था असते. पातळी चढली की फ्लोट वर येतो आणि सुईसारख्या झडपेने, म्हणजे नीडलने, पेट्रोलची वाट बंद करतो. पेट्रोल येतं मागच्या टाकीतून, आणि ते ओढतो इंजिनाच्याच कॅमवर चालणारा डायफ्रामचा पंप. इंजिन बंद, की पंपही बंद.

इथेच ‘कधी’ कामाला येतं. गाडी चालू असतानाच पेट्रोल वाटीवरून ओसंडत असेल, तर संशय नीडलवर, तिच्या बैठकीत अडकलेल्या कचऱ्यावर, बुडालेल्या फ्लोटवर किंवा पंपाच्या जास्त दाबावर घ्यावा. पितळी फ्लोट कानाशी हलवला आणि आत खळखळ ऐकू आली, तर त्याला भोक आहे. आवाज आला नाही तर तो गरम पाण्यात बुडवावा. आतली हवा फुगते आणि बुडबुडे भोकाची जागा दाखवतात. (हे काम गॅसच्या शेगडीजवळ करू नये, हे वेगळं सांगायला नको.)

गार गाडीखाली रात्रभरात ओल येत असेल, तर नीडलला दोष देण्यात अर्थ कमी. पंप थांबलेला आहे आणि टाकी मागे, खालच्या अंगाला आहे. गळतंय ते वाटीतच उरलेलं पेट्रोल, म्हणून वाट वाटीतल्या पातळीच्या खाली शोधावी: जेटच्या बोल्टखालचा वॉशर, अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम, एखादी बारीक चीर. सगळं पुसून कोरडं करावं, वर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि थांबावं. पहिली ओल जिथे उमटेल, तिथे वाट सापडली.

तिसरी वेळ सगळ्यात फसवी. मे महिन्यात घाटकोपर-अंधेरी लिंक रोडच्या कोंडीत तापलेली गाडी बंद केली की पंखा थांबतो, गार हवा थांबते आणि इंजिनाची उष्णता वर कार्ब्युरेटरकडे चढते. पेट्रोलमधले सर्वांत हलके घटक ३५-४० अंश सेल्सियसलाच उकळू लागतात. वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात उतरतं, वास सुटतो, गाडी लगेच सुरू होत नाही. इथे काहीच तुटलेलं नसतं. तरीही अशा गाड्यांच्या किती सुया फुकट बदलल्या गेल्या असतील! खरा इलाज म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा.

एक गळती तर जमिनीवर दिसतच नाही. पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी मुळीच चालवू नये.

जुन्या रबराचं दुखणं अलीकडे वाढलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची देशात सुरुवात झाली. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि टाकीतला साचलेला चिकट गाळ सैल करतं. तो गाळ पुढे नीडलपाशी येऊन अडकतो. त्यामुळे सील, पाइप आणि डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत.

आणि ही तपासणी बेसमेंट पार्किंगमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती जमिनीलगत साचते आणि दूरवरच्या ठिणगीपर्यंत पोचते. गाडी मोकळ्यावर आणावी, बॅटरीची तार काढावी.

नवं पॅकिंग घालूनही कार्ब्युरेटरच्या झाकणाच्या कडेने ओल येत असेल, तर स्क्रू आणखी आवळण्याचा मोह आवरावा. झाकण मऊ मिश्रधातूचं असतं, जास्त आवळलं की वाकतं आणि फट रुंदावते. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून झाकण हलक्या हातानं घासलं, तर उंचवट्यांवर चमक येते आणि खोलगट भाग तसाच मळकट राहतो.