एंजिनाचे अनुचलन

ठिणगीने प्रज्वलन होणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनाची चावी बंद केल्यानंतरही ते अडखळत, हिसके देत काही काळ फिरत राहण्याच्या दोषास अनुचलन म्हणतात. पेट्रोलवर वा रॉकेलवर चालणारे जुने शेती ट्रॅक्टर आणि पाणी उपसण्याची लहान एंजिने यांत हा दोष विशेष आढळतो. ठिणगी थांबली, तरी कार्ब्युरेटरमधून इंधन-हवा मिश्रण येणे थांबत नाही. अशा वेळी ज्वलन कोठीतील एखादी अतितप्त जागा ठिणगीचे काम करते. दोष वरवर चावीचा वाटत असला, तरी वस्तुतः तो साठलेल्या उष्णतेचा असतो.

डीझेल एंजिनात हवेचे घनफळ सु. चौदाव्या ते बाविसाव्या हिश्श्याइतके संपीडित होते व त्या उष्णतेनेच इंधन पेटते. जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरांचे संपीडन गुणोत्तर सु. ४ ते ६ एवढेच असल्याने केवळ संपीडनाने मिश्रण पेटणे अवघड असते. त्याला तापलेल्या काजळीची, निर्गम झडपेच्या झिजून पातळ झालेल्या कडेची किंवा चुकीच्या जातीच्या स्पार्क प्लगच्या टोकाची जोड लागते. शिवाय वेग उतरत जातो तसा प्रत्येक संपीडनास अधिक वेळ लागतो आणि मिश्रणाला तापण्यास तेवढीच अधिक सवड मिळते. त्यामुळे भरवेगात निर्दोष चालणारे एंजिनही बंद करतानाच हा दोष दाखविते.

दट्ट्या वरच्या टोकाला पोचण्यापूर्वीच मिश्रण पेटले, तर मंदावलेले एंजिन क्षणभर उलटेही फिरते. हा प्रकार गमतीचा नाही. उलट फिरण्यात वंगण पंपाकडून तेल पुढे जात नाही, कार्ब्युरेटरमधून ज्वाला बाहेर फेकली जाऊ शकते आणि ‘एंजिन बंद झाले’ अशा समजुतीने पट्ट्याजवळ नेलेला हात सापडतो.

रॉकेलवर चालणाऱ्या एंजिनांत या दोषाची शक्यता अधिक असते, कारण रॉकेलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच कमी असून ते अधिक कमी तापमानाला आपोआप पेटते. १९१७ पासून मोठ्या संख्येने निघालेला फोर्डसन व १९४६–५६ या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेला फर्ग्युसन टीई-२० यांच्या काही प्रकारांत एंजिन पेट्रोलवर सुरू करून ते तापले की रॉकेलसदृश इंधनावर वळवीत. भारतात १९५९ नंतर देशी बनावटीचे डीझेल ट्रॅक्टर निघू लागल्यावर असे आयात ट्रॅक्टर मागे पडले. दक्षिण कोकणात तर ट्रॅक्टरला वाव मुळातच बेताचा होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील इन्सुली, बांदा यांसारख्या तेरेखोल खोऱ्यातील गावांत भाताचे कोपरे लहान, बांध जवळजवळ आणि जमीन उतरणीची. तेथे हेच तत्त्व कामी येते ते वायंगण शेतीला आणि माडा-पोफळीच्या बागांना पाणी देणाऱ्या, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या पंपात. ट्रॅक्टराविषयी जे सांगितले जाते, ते या पंपालाही लागू पडते.

दुरुस्तीपूर्वी निदान अचूक हवे. चावी बंद करूनही एंजिन एका लयीत, सुरळीत चालत राहिले, तर ते अनुचलन नव्हे. ठिणगीच चालू आहे असे समजावे. मॅग्नेटो असलेल्या एंजिनात चावी मॅग्नेटोची तार एंजिनाच्या अंगाशी जोडून ठिणगी थांबविते. ती तार तुटली वा गंजली, की ठिणगी चालूच राहते. बॅटरी व कॉइल असलेल्या ट्रॅक्टरवर डायनॅमोच्या जागी ऑल्टरनेटर बसविला असल्यास इशारा-दिव्याच्या तारेतून उलटा प्रवाह कॉइलकडे जाऊ शकतो. त्या तारेत योग्य दिशेने एक डायोड घातला, की काम भागते. याउलट हिसके, ठोके व अनियमित गती ही खऱ्या अनुचलनाची लक्षणे होत.

खऱ्या अनुचलनात प्रथम सोप्या गोष्टी पाहाव्यात. मंदगतीचा स्क्रू जास्त आत फिरविलेला असेल, तर कार्ब्युरेटरची झडप पुरेशी मिटत नाही. प्रज्वलनाची वेळ मागे पडलेली असल्यास ज्वलन उशिरा संपून निर्गम झडप तापते. बहुशाख नळाच्या गॅस्केटमधून हवा शिरल्यास मिश्रण विरळ होऊन उष्णता वाढते. पाण्याने थंड होणाऱ्या ट्रॅक्टरात रेडिएटर व जलमार्गातील गाळ, तर हवेने थंड होणाऱ्या पंपात सिलिंडरच्या पंखांत अडकलेले गवत व चिखल काढावा. हे शेवटचे काम अतिशय साधे असून नेमके तेच सर्वांत जास्त टाळले जाते.

एवढ्याने भागले नाही, तर सिलिंडरचे डोके उतरवून काजळी काढावी. त्यासाठी लाकडी वा पितळी पट्टी वापरावी; पोलादी पट्टीने पडलेल्या ओरखड्यांवर काजळी पुन्हा लवकर धरते. झडपा घासून बसवाव्यात, नवे गॅस्केट घालावे आणि बोल्ट मध्यापासून बाहेर, आलटून पालटून, टप्प्याटप्प्याने आवळावेत. मात्र झिजलेल्या कड्यांमधून वंगण तेल वर येत असेल, तर काजळी पुन्हा साठणारच. रॉकेलच्या एंजिनात न जळलेले रॉकेल खाली उतरून तेल पातळ करते. मोजपट्टीवर तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर समाधान न मानता तेल बदलावे.

पेट्रोलमधील शिशाचा वापर भारतात २००० मध्ये थांबला. त्यानंतरच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक या जुन्या एंजिनांच्या गरजेपेक्षा पुष्कळच वर आहे. म्हणून शुद्ध पेट्रोलवर अनुचलन होत असेल, तर दोष इंधनाच्या माथी न मारता एंजिनात शोधावा. अपवाद एवढाच, की २० टक्के एथॅनॉल असलेल्या पेट्रोलला ज्वलनासाठी कमी हवा पुरते आणि जुन्या कार्ब्युरेटरात त्याचे मिश्रण काहीसे विरळ पडते. तेथे मुख्य जेट थोडे मोठे बसवावे लागते.

दुरुस्ती होईपर्यंत एंजिन बंद करण्याची रीत बदलावी. भार काढून ते दोन-तीन मिनिटे मंदगतीने चालवावे व मग चावी बंद करावी. तरीही फिरत राहिल्यास ट्रॅक्टर वरच्या गियरमध्ये घालून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सावकाश सोडावा. पंपाचा इंधनाचा नळ बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होऊ द्यावी. रॉकेलचे एंजिन मात्र बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पेट्रोलवर आणावे, म्हणजे वाटीत रॉकेल उरत नाही व दुसऱ्या दिवशी थंड एंजिनही सहज सुरू होते.