सहा गठ्ठे आणि एक यादी
(कामाचा व्याप : लेखांक पाचवा)

तातडीचे काम आणि महत्त्वाचे काम हा जो भेद अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ साली इव्हॅन्स्टन येथील भाषणात एका माजी महाविद्यालयप्रमुखाच्या हवाल्याने सांगितला, आणि ज्यावरून पुढे चार चौकटींचा प्रसिद्ध तक्ता निघाला, त्याचा परामर्श आपण गेल्या लेखांकात घेतला. भेद खरा आहे. परंतु यादीतले प्रत्येक काम आज आपल्याच हाती आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. संसारी माणसाची यादी अशी क्वचितच असते. म्हणून मला त्या तक्त्याहून महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांची 'सहा गठ्ठे पद्धती' अधिक शहाणपणाची वाटते.

या पद्धतीत कारकुनाच्या ताब्यातले कागद महत्त्वानुसार नव्हे, तर अवस्थेनुसार लावले जातात. ज्यावर आज कार्यवाही करावयाची ते प्रकरण एका गठ्ठ्यात. ज्याविषयी पत्र रवाना होऊन उत्तराची वाट पाहावयाची, ते 'प्रतीक्षाधीन' म्हणून दुसऱ्यात. ठराविक मुदतीने धाडावयाची विवरणपत्रे, म्हणजे नियतकालिके, तिसऱ्यात. वरचेवर आधाराला लागणारे स्थायी आदेश चौथ्यात. आणि निकाली निघालेल्या कागदांपैकी अभिलेखकक्षात पाठवावयाचे ते पाचव्यात व नष्ट करावयाचे ते सहाव्यात. अभिलेखातही 'अ' वर्ग कायमचा, 'ब' वर्ग ३० वर्षांचा, तर 'ड' वर्ग वर्षभरानंतर रद्दीचा धनी. (कित्येक कचेऱ्यांत हे सहाही गठ्ठे एकाच कपाटावर एकमेकांत मिसळून धूळ खात असतात, हे मला ठाऊक आहे, तो दोष पद्धतीचा नव्हे.)

हाच न्याय घरच्या यादीला लावून पाहावा. 'मुलीचा उत्पन्नाचा दाखला' ही ओळ आठवडेच्या आठवडे यादीत राहते आणि रोज सकाळी मनाला टोचते. वास्तविक अर्ज सेतू केंद्रात दाखल होऊन त्याची पोच हाती आली असेल, तर त्या कामात आज करण्याजोगे काहीच उरलेले नसते. ते प्रतीक्षाधीन. त्यापुढे 'सोमवारी चौकशी' एवढे लिहावे आणि तोवर त्याचे नाव काढू नये. विम्याचा हप्ता, विजेचे बिल, दूधवाल्याचा हिशेब ही सारी नियतकालिके. त्यांची जागा भिंतीवरच्या कॅलेंडरात. ग्राहक क्रमांक आणि नळदुरुस्तीवाल्याचा फोन एका वहीत गेले की स्थायी आदेशांचीही सोय झाली. धैर्य लागते ते सहाव्या गठ्ठ्याला. दर दिवाळीला नव्याने लिहिला जाणारा हार्मोनियम शिकण्याचा संकल्प स्वहस्ते खोडून टाकणे पुष्कळांना जमत नाही. मात्र ते ज्याला जमले, त्याच्या डोक्यावरचा भार चटकन उतरतो.

एवढी वाटणी झाल्यावर पहिल्या गठ्ठ्यात जी मूठभर कामे उरतात, त्यांच्यापुरताच काय तो अग्रक्रमाचा प्रश्न. येथेही दफ्तराचाच एक नियम उपयोगी पडेल. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातील विलंब यांविषयी राज्याने २००५ साली जो कायदा केला, त्यानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये; तातडीची फाईल शक्यतो चार दिवसांत हातावेगळी व्हावी आणि तात्काळ शेऱ्याची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी. शेऱ्याला दिवसांचे माप दिले, हे या तरतुदीतले मर्म. आपणही प्रत्येक कामापुढे 'आज', 'चार दिवस' किंवा 'आठवडा' असे लिहावे. 'आज'च्या खाली दोन-तीनांहून अधिक कामे नित्य जमू लागली, तर आपले शेरे खोटे आहेत असे खुशाल समजावे.

वाचकांना विनंती एवढीच की, येत्या रविवारी यादीची अशी वाटणी करताना प्रतीक्षाधीन कामांपुढे तगाद्याची तारीख घालण्यास चुकू नये. कचेरीत काय किंवा घरात काय, प्रकरणे गहाळ होतात ती बहुधा याच गठ्ठ्यातून. नियतकालिकांचा विचार पुढील लेखांकात करू.