दोन अंगांचा एकच वाघ

चंद्रपूरच्या एका आईचा प्रश्न आला आहे : ‘मुलगी अकरावीत आहे. इन्स्टाग्रामवर तिने खोटं नाव घेतलंय, स्वतःचा फोटोही लावलेला नाही. मग घाबरायचं कशाला?’ चंद्रपूरकरांना याचं उत्तर शोधायला ताडोबापर्यंत गेलं तरी पुरे.

वाघ मोजताना जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, दोन कॅमेरे बांधतात. एक का पुरत नाही? प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, हे आपल्याला ठाऊक असतं. पण एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टेही एकमेकांशी जुळत नाहीत! त्यामुळे आज डावं अंग दाखवून गेलेला आणि उद्या उजवं अंग दाखवून गेलेला वाघ एकच की दोन, हे एका कॅमेऱ्यावरून सांगता येत नाही. दोन्ही अंगं एकदा एकत्र टिपली गेली, की तो कायमचा ओळखीचा झाला. पुढे एकच अंग दिसलं तरी भागतं. पट्ट्यांवरून वाघांची संख्या काढण्याची ही पद्धत वन्यजीवशास्त्रज्ञ के. उल्लास कारंत यांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळे इथे रुजवली.

खोट्या नावाचं अकाउंट हे मुलीचं डावं अंग, आणि खऱ्या नावाने सगळ्यांकडे असलेला तिचा मोबाइल नंबर हे उजवं. दोन्ही जोडणारा फोटो ती स्वतः काढत नाही, तिची मैत्रीण काढते. ॲपने कॉन्टॅक्ट्स मागितले की मैत्रीण ‘अलाऊ’ दाबते आणि तिच्या फोनमधला आपल्या मुलीचा नंबर वर चढतो. अकाउंट त्याच नंबरावर उघडलेलं असेल, तर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ या यादीतून ते खोटं नाव वर्गातल्या कुणाहीसमोर येऊ शकतं.

नाव काढून टाकलं की माणूस लपतो, हा समज लतान्या स्वीनी हिने १९९७ मध्ये खोटा ठरवला. समाजमाध्यमांच्या चर्चेत तिचं नाव इतकं क्वचित येतं, की इथे थोडं रेंगाळलंच पाहिजे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावं काढून, पण जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभाग तसेच ठेवून संशोधकांना दिल्या गेल्या होत्या. कुणाचीही ओळख फुटणार नाही, अशी ग्वाही गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती. एमआयटीत शिकणाऱ्या स्वीनीने २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. वेल्ड यांचीच जन्मतारीख असलेले सहा जण निघाले. त्यांतले पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या टपाल विभागात राहणारा एकच. तिने गव्हर्नरांच्या आजारपणाचे कागद थेट त्यांच्याच कार्यालयात पाठवून दिले! कुठलंही कुलूप तिला फोडावं लागलं नाही.

हेच गणित गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला लावून पाहा. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या छत्तीस हजारांच्या आसपास होती. हजारी वीस जन्म धरले तर वर्षाला सातशेवीस, दिवसाला दोन : ढोबळमानाने एक मुलगा आणि एक मुलगी. म्हणजे ‘भामरागड’, ‘मुलगी’ आणि पूर्ण जन्मतारीख एवढं कळलं की नाव विचारायची गरजच उरत नाही. मुंबईत त्याच हिशेबाने एका तारखेआड तीनशेहून जास्त मुली लपतात. त्याच जनगणनेत चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसं भरलेल्या गडचिरोलीत एकांत भरपूर असेल असं वाटतं, पण विरळ वस्तीतच माणूस चटकन सापडतो. आणि तारीख कुठून कळते? मैत्रिणीने मायेने ठेवलेल्या स्टेटसमधून; केकवरच्या मेणबत्तीचा आकडा वर्षही सांगून टाकतो.

संशोधक जेम्स बॅग्रो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ट्विटरवरच्या सुमारे चौदा हजार लोकांचं लिखाण तपासलं. आठ-नऊ स्नेह्यांच्या लिखाणावरून एखादा माणूस काय लिहील याचा जो अंदाज बांधता येतो, तो त्याच्या स्वतःच्या लिखाणावरून येणाऱ्या अंदाजाच्या तोडीचा असू शकतो. याला मन वाचणं म्हणू नये. पुढचा शब्द ओळखण्याची कमाल मर्यादा किती, एवढंच ते गणित सांगतं. पण अकाउंट बंद केलं तरी आपण मित्रांच्या लिखाणात उरतो, हे मला त्यातून फार लख्ख दिसलं.

‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं म्हणून कुणी मुलीकडून घेतलेला खासगी फोटो पुढे धमकीसाठी वापरला गेला, तर मात्र हीच पट्टे जुळवण्याची युक्ती मुलींच्या बाजूने उभी राहते. ‘टेक इट डाउन’ ही अल्पवयीनांसाठीची मोफत सेवा फोनमध्येच फोटोचा आकडी ठसा काढते. फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि सहभागी कंपन्या तो जुळवून फोटो हटवू शकतात. तिची धाव मात्र मर्यादित आहे. फोटो बदलला तर ठसा जुळेलच असं नाही, आणि व्हॉट्सॲपच्या बंद गप्पांत ती पोहोचत नाही. म्हणून मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही घरात सगळ्यांना पाठ हवी.

ताई, तुमच्या मुलीचं खोटं नाव राहू द्या. पण या रविवारी तिच्या चार जिवलग मैत्रिणींना चहाला बोलवा, पाचही जणींना आपापल्या फोनच्या सेटिंग्ज उघडायला सांगा, कॉन्टॅक्ट्सची परवानगी काढून घ्यायला लावा, आणि आधी वर चढलेली यादी पुसायची सोय कुठे आहे तेही त्यांनाच शोधू द्या.